म्हैसूरची शिकार आणि पॉइंट टू-टू

 पूर्वीच्या म्हैसूर संस्थानाच्या मुलखात वाघ-बिबट्यांसाठी मोठ्या बोअरच्या रायफली वापरत. शिकारी केनेथ अँडरसन यांच्या .४०५ विंचेस्टरची गोळी साधारण १९ ग्रॅमची असे. १८८७ मध्ये आलेल्या .२२ लाँग रायफल या रिमफायर काडतुसाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. आघाताने ती कड चेपावी म्हणून तिचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. त्यामुळे आतला दाब आणि गोळीचा जोर मर्यादित राहतो. सशा-तितरांना तो पुरे; कोल्ह्याला गोळी जवळून, नेमक्या जागी लागली तरच. बिबट्या अशा गोळीने बहुधा नुसता जखमी होई आणि जखमी बिबट्या माणसावर उलटण्याचा धोका मोठा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीला कायद्याने पायबंद बसला.