सायकलची चेन लांबते कशी?

आठवीत असताना मी रोज पाच किलोमीटर सायकल चालवत शाळेत जात असे. सायकल वडिलांची, जुनी, चोवीस इंची. तिची चेन वारंवार पडायची. सायकलवाल्याकडे नेली, की तो मागचे चाक थोडे मागे सरकवून चेन ताठ करून द्यायचा. चाक पार मागे गेल्यावर एक दिवस त्याने चेनच्या दोन कड्याच काढून टाकल्या. ‘‘ताणली होती, आता टाइट झाली,’’ तो म्हणाला. काही महिने बरे गेले, मग चेन पुन्हा पडू लागली. शेवटी नवी चेन बसवली, तर ती चढावर जोर लावताच फ्रीव्हीलच्या दात्यांवरून घसरायला लागली. एकदा अशीच घसरली आणि मी दांड्यावर आपटलो. नवी चेन जुनीपेक्षा वाईट कशी, हे कोडे मला तेव्हा सुटले नाही.

वर्गात मुलांना विचारून पाहा : सायकलची चेन लांब का होते? ‘पायडल मारून मारून ताणली जाते’ हेच उत्तर बहुतेक वेळा मिळेल. ते कितपत खरे आहे, हे आधी तपासू.

पायडलवर ५० किलोचा भार दिला असे धरू. पायडलचा दांडा १७ सेंटीमीटर लांब आहे. पुढचे दातेरी चाक ४८ दात्यांचे असेल तर त्याची त्रिज्या सुमारे ९.७ सेंटीमीटर येते. तरफेच्या नियमाने चेनवरचा ताण ५० × १७ ÷ ९.७, म्हणजे सुमारे ८७ किलो होतो. चांगली चेन तुटायला मात्र सुमारे आठशे किलोंचा भार लागतो. ८७ किलोंनी पोलादी पट्ट्या किंचित ताणल्या गेल्या, तरी पाय सैल सोडताच त्या पूर्ववत होतात. मग कायमची लांबी येते कुठून? याचे उत्तर चेनच्या सांध्यात दडले आहे, आणि ते समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे इंग्लंडमध्ये जावे लागते.

१८७०च्या दशकातली सायकल उंच होती. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्यामुळे पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे, म्हणून पुढचे चाक दीड मीटर उंचीपर्यंत वाढले होते. एवढ्या उंचीवरून पडणे म्हणजे हातपाय मोडून घेणेच. यावर उपाय होता चेनचा. १८७९ मध्ये हॅरी लॉसन यांनी मागच्या चाकाला चेनने गती देणाऱ्या सायकलचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. आजच्या सायकलचा सांगाडा तिथेच ठरला. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.६७ वेळा फिरते. २८ इंची चाक जणू ७५ इंची चाकासारखे, म्हणजे माणसाच्या उंचीहून मोठ्या चाकासारखे अंतर कापते, आणि तरीही बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतात.

पण ही सायकल टिकायची तर चेनही टिकायला हवी होती. तो प्रश्न सोडवणारा माणूस सायकलवाला नव्हता. हान्स रेनोल्ड यांचा जन्म १८५२ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावचा. १८७३ मध्ये ते मँचेस्टरला आले. हा सारा परिसर कापडगिरण्यांचा. १८७९ मध्ये त्यांनी जवळच्या सॅलफर्डमधला जेम्स स्लेटर यांचा छोटा कारखाना विकत घेतला. तिथे गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनत.

स्लेटर यांच्या चेनमध्ये, त्यांच्या १८६४च्या पेटंटनुसार, पिनीवर फिरणारे रोलर होते. त्यामुळे दात्यांशी होणारे घर्षण कमी झाले होते. मात्र आतल्या दोन पट्ट्यांची भोके थेट पिनीवर टेकत. म्हणजे चेनचा सगळा ताण पिनीवर फक्त दोन पट्ट्यांच्या जाडीएवढ्या जागेत येई. भार तोच, क्षेत्रफळ थोडे, म्हणून दाब जास्त. पिनीत पट्ट्यांचे खाचे पडत आणि चेन ढिली होई.

१८८० मध्ये रेनोल्ड यांनी यात एक साधी नळी घातली. आतल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये ही नळी, म्हणजे बुश, घट्ट बसवली. पिन बुशच्या आत फिरते आणि रोलर बुशच्या बाहेर. आता पिनीवरचा भार बुशच्या सगळ्या लांबीवर वाटला गेला. क्षेत्रफळ वाढले, दाब घटला, झीज मंदावली. बुश-रोलर चेनचे हे पेटंट सायकलसाठी, पुढे मोटारसायकलसाठी आणि असंख्य यंत्रांसाठी पाया ठरले. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ हे सूत्र शिकवताना टाचणी आणि खिळ्याच्या जोडीला हे उदाहरणही द्यावे.

झीज मंदावली, थांबली मात्र नाही. चेन दातेरी चाकावर चढताना प्रत्येक सांधा वळतो आणि उतरताना सरळ होतो. ४८ दात्यांच्या चाकावर हे वळण ३६० ÷ ४८, म्हणजे ७.५ अंशांचे, १८ दात्यांच्या फ्रीव्हीलवर २० अंशांचे. वळताना पिन बुशच्या आत घासते. ११२ कड्यांच्या चेनचा एक पूर्ण फेरा होतो तेव्हा सायकल सुमारे १४ मीटर पुढे जाते आणि प्रत्येक सांधा चार वेळा हलतो. एका किलोमीटरला सुमारे २९० वेळा. रोज दहा किलोमीटर, असे शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला जवळजवळ पावणेसहा लाख वेळा!

चेनच्या दोन लगतच्या पिनींमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. प्रत्येक सांध्यात सरासरी केवळ ०.१३ मिलिमीटर, वहीच्या कागदापेक्षा जरा जास्त, झीज झाली की चेन एक टक्क्याने लांबते. ११२ कड्यांची चेन ५६ इंच असते. तिचा एक टक्का म्हणजे अर्ध्या इंचाहून अधिक. कड्या मात्र जोडीनेच काढाव्या लागतात, एक आतली आणि एक बाहेरची. माझ्या सायकलच्या दोन कड्या काढल्या तेव्हा एक इंच लांबी कमी झाली. उरलेल्या ११० कड्यांचे सांधे झिजलेलेच राहिले!

यातच माझ्या कोड्याचे उत्तर आहे. लांबलेल्या चेनचे रोलर दात्यांच्या तळाशी न बसता वर चढतात. भार थोड्याच दात्यांवर येतो, ते झिजतात आणि आकड्यासारखे होतात. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांच्या संगतीने बिघडलेले असतात, म्हणून निभावून नेतात. नव्या चेनचे अर्ध्या इंचाचे अंतर त्या दात्यांशी जुळत नाही आणि ती घसरते. कड्या काढण्याऐवजी चेन वेळेवर बदलली असती, तर फ्रीव्हील वाचले असते.

वेळ ओळखायला बारा इंची पट्टी पुरते. चेन ताठ धरून एका पिनीच्या मध्यावर शून्य ठेवा आणि तिच्यापासून चोविसावी पिन पाहा. नव्या चेनमध्ये ती बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन अर्धा टक्का लांबली आहे; नवी घ्यायचा विचार करावा. १/८ इंच पुढे असेल तर दातेही तपासावेत.

चेन निवडतानाही माप आधी पाहावे. एकाच फ्रीव्हीलच्या साध्या सायकलला आतून १/८ इंच रुंदीची चेन लागते. गिअरच्या सायकलींना त्याहून अरुंद. मागे चकत्या जितक्या जास्त, तितकी चेन अरुंद. गिअरच्या बहुतेक आधुनिक चेनमध्ये स्वतंत्र बुश नसतो. आतल्या पट्टीच्या भोकाची कडच नळीसारखी वळवलेली असते.

जाहिरातीच्या दाव्यांना मात्र फार जुनी परंपरा आहे. १८९५च्या सुमारास विल्यम सिम्पसन यांनी त्रिकोणी कड्यांची ‘लिव्हर चेन’ आणली. तरफेमुळे तीच मेहनत जास्त वेग देते, असा त्यांचा दावा होता. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांनी तिची जाहिरात रंगवली. जून १८९६ मध्ये लंडनच्या कॅटफर्ड मैदानावर पैजेच्या शर्यती झाल्या आणि सिम्पसन यांच्या बाजूचे काही स्वार जिंकलेही. पण तरफ बल वाढवते तेव्हा अंतर घटवते. ऊर्जा वाढवत नाही. जिंकले ते स्वारांचे पाय. ती चेन काही वर्षांतच बाजारातून नाहीशी झाली. साध्या चेनमध्ये वाढवण्याजोगे फारसे उरलेही नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या चाचण्यांत चेनची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत भरली. दातेरी चाके मोठी असतील तर ऊर्जेचा नाश कमी, असेही दिसले. लहान चाकावर सांधा जास्त वळतो, हे आपण वर पाहिलेच.

उरला प्रश्न तेलाचा. ते हवे असते पिन आणि बुशच्या मध्ये. आपण मात्र ते बाहेरून ओततो. त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि तेल-वाळूचा हा लगदा पॉलिश कागदासारखा सांधे घासतो. म्हणून चेन आधी कोरड्या फडक्याने पुसावी. रॉकेलने धुतली तर पूर्ण वाळू द्यावी. मग प्रत्येक रोलरवर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडून पायडल उलटे फिरवावे, थोडा वेळ थांबावे आणि बाहेरचे तेल पुसून काढावे. पावसाळ्यात हे लवकर लवकर करावे लागते. चेनकव्हर खडखडते म्हणून काढून टाकू नये. इंग्लंडमधल्या ‘सनबीम’ सायकलींची चेन पूर्वी बंद पेटीत, तेलातच फिरत असे, ती यासाठीच.

शाळेच्या सायकल स्टँडवर एक दिवस पट्टी घेऊन जा. मुलांकडून वीसेक सायकलींच्या चेन मोजून घ्या. सायकल किती वर्षांची, रोजचे अंतर किती, चेनकव्हर आहे की नाही आणि कड्या कधी काढल्या होत्या का, हेही लिहून घ्या. आलेख काढून त्यावर चर्चा होईलच. पण तिथे एखादी चेन १/८ इंचाने लांबलेली सापडली, तर आधी त्या मुलाला चढावर उभे राहून पायडल मारू नकोस, एवढे जरूर सांगा.