हँडलाचा झटका आणि स्टार्टरचें मौन

जुनी मोटार चालू झाली नाहीं, म्हणजे नशिबाला बोल लावण्याची आपली रीत आहे. वास्तविक गाडी आपला दोष स्वतःच सांगत असते; मात्र तिची भाषा कळण्यास थोडा इतिहास ठाऊक पाहिजे.

फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ सालीं निघाली, तेव्हां ती हँडल मारूनच चालू करावी लागे. ठिणगी वेळेपूर्वीं पडली, कीं इंजिन उलट फिरे आणि हँडलाच्या झटक्यानें मनगट मोडे. म्हणून आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवण्याचा दंडक पडला. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाचा विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीवर आला आणि हें संकट टळलें. दुकानांतील गल्ल्याचें यंत्र विजेवर चालविण्याचें काम त्यानें पूर्वीं केलें होतें. त्यावरून त्यानें ताडलें, कीं मोटरला क्षणभरच जोर करावयाचा असेल, तर ती लहान असली तरी चालेल. मात्र त्या क्षणीं तिला प्रचंड प्रवाह मिळाला पाहिजे.

रोगाचें मूळही येथेंच आहे. सहा व्होल्टांच्या गाडींत १५० अँपिअर प्रवाह वाहत असतां एखाद्या जोडावर ओहमच्या शंभराव्या हिश्श्याइतका रोध आला, तरी दीड व्होल्ट, म्हणजे चौथाई दाब, तेथेंच खर्चीं पडतो. भरतगडाच्या पायथ्याचें मसुरें घ्या. गड नदी तेथून कालावलच्या खाडीनें समुद्रास मिळते. अशा दमट, खारट हवेंत बॅटरीच्या व सांगाड्याच्या जोडांवर गंज चढण्यास एक पावसाळा पुरे.

तेव्हां प्रथम दिवे लावून स्टार्टर दाबावा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी अशक्त, जोड मळलेले किंवा स्टार्टरचें दांतेरी चाक अडकलेलें समजावें. दिवे तसेच राहिले व मोटर मुकी, तर स्विच अथवा मोटरचे ब्रश पाहावे. मोटर गुणगुणते पण इंजिन हलत नाहीं, तर दांतेरी चाक पुढें सरकत नाहीं. जोड घासून, घट्ट करून त्यांवर व्हॅसलीन लावावें.

एवढें न पाहतां पुष्कळदां मूळची मोटर भंगारांत जाते आणि दोष निघतो एका गंजक्या जोडाचा! स्टार्टरनें बेताच्या ताकदीच्या माणसांनाही मोटार स्वाधीन करून दिली. त्या उपकारकर्त्याला टाकण्यापूर्वीं त्याची एक तार तरी घासून पाहावी.