कालचीच नोट, आजची तारीख

आजची गोष्ट राजापेठच्या एका चहाच्या टपरीवर सुरू झाली आणि पोचली थेट अमेरिकेत, १९६८ सालात.

माझा मावसभाऊ एका हॉस्पिटलात इंटर्न आहे. कोणत्या, ते जाऊ द्या. परवा चहा पिता पिता म्हणाला, "दादा, वॉर्डात कॉम्प्युटर एक, आम्ही चौघं. कालची नोट कॉपी करायची, तारीख बदलायची, झालं काम." एकदा अशाच नोटमध्ये 'ताप नाही' राहून गेलं. धारणीहून आलेला तो पेशंट तापानं फणफणत होता. सिस्टरनं वेळेवर पाहिलं म्हणून बरं.

मी गप्पच झालो. कारण 'कालची नोट आणा' हे बटण मीच एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलं होतं. डॉक्टरांचा वेळ वाचतो म्हणून तेव्हा कौतुकही झालं होतं!

मग मी या नोटांचा इतिहास शोधायला बसलो. लॉरेन्स वीड नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. आधी त्यांनी प्रयोगशाळेत संशोधन केलेलं. प्रयोगाच्या वहीला जी शिस्त असते, ती पेशंटच्या केसपेपरला का नाही, हा त्यांचा प्रश्न. १९६८ मध्ये त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन भागांत लेख लिहिला. म्हणणं साधं होतं: आधी पेशंटच्या सगळ्या तक्रारींची यादी करा. मग प्रत्येकीखाली चार गोष्टी लिहा. पेशंट काय सांगतो, आपल्याला काय आढळलं, त्यावरून काय वाटतं, आणि पुढे काय करायचं. आज जगभरचे विद्यार्थी हिलाच 'सोप' नोट म्हणतात.

आता गंमत ऐका. वीड यांच्यासाठी ही नोट म्हणजे नुसती नोंद नव्हती, ते शिकवायचं साधन होतं. विद्यार्थ्याचा विचार कुठे चुकला, ते सरांना कागदावर दिसलं पाहिजे. पुढे व्हरमाँट विद्यापीठात त्यांनी हेच कॉम्प्युटरवर आणलं, तेही १९७० च्या दशकात, बोटानं स्पर्श करायच्या स्क्रीनवर! आयफोन आला २००७ ला. त्यांचं १९७१ चं एक भाषण यूट्यूबवर आहे, नक्की बघा.

आपल्याकडे काय झालं? आपल्या शेजारी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सी-डॅकच्या मदतीनं कॉम्प्युटरवरच्या नोंदी बऱ्याच आधी आल्या. केंद्रानं अशा नोंदींचे नियम २०१३ ला काढले, २०१६ ला सुधारले. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, विद्यार्थ्यांच्या हाती लॉगबुक आलं. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. आणि २०२२ च्या जुलैमध्ये राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांची जुनी एचएमआयएस बंद पडली. डॉक्टर पुन्हा कागदावर!

मला वाटतं, खरा धडा इथंच आहे. सॉफ्टवेअर येतं, कंत्राट संपतं, स्क्रीन बदलते. ज्याला फक्त बटणं शिकवली, तो त्या दिवशी अडतो. ज्याला त्या चार प्रश्नांची सवय लागली, त्याला कागद काय नि स्क्रीन काय, सारखंच.

कॉपीचं बटण वाईट आहे असं नाही. रात्रपाळीत ऐंशी पेशंट बघणाऱ्याला ते लागतंच. पण शिकणाऱ्या पोराच्या हातात ते दिलं, तर त्याच्या वाटचा विचारही कॉपी होतो. मी आता टीमला सांगितलंय: विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये 'आज काय आढळलं' हा रकाना कोराच उघडला पाहिजे. मान्य होईल की नाही, बघू.

मावसभावाला हे सांगितलं, तर म्हणतो, "दादा, म्हणजे माझं काम वाढवलं का तू?"

हो बावा, वाढवलं. उद्या इर्विनला खाटेवर आपल्यापैकीच कोणी असेल ना!

भेटू पुढच्या भागात.