ट्रेकसाठी घरचीच 'रेडी टू ईट' खिचडी: जेवण वाळवतात कसं आणि चुकतं कुठे?

मऊ खिचडीच्या वजनात जवळपास 70 टक्के पाणीच असतं. म्हणजे 400 ग्रॅम खिचडी पूर्ण वाळवली की ती साधारण 120 ग्रॅम भरते. मोठ्या ट्रेकला जाणारे बरेच जण म्हणूनच जेवण घरी शिजवतात, वाळवतात आणि सॅकमध्ये भरतात.

मग कच्चे डाळ-तांदूळच का नेऊ नयेत?

वजन तर त्यांचंही तेवढंच. फरक पडतो तो गॅसचा आणि वेळेचा. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळतं. 4,000 मीटरवर ते सुमारे 87 अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. वाळवलेली खिचडी आधीच शिजलेली असते. तिला फक्त गरम पाणी लागतं.

काय वाळवावं, काय टाळावं?

भात, मूगडाळ, मसूर, बारीक चिरलेलं गाजर, फरसबी, टोमॅटो हे चांगलं वाळतं. राजमा-छोले वाळवायचे तर आधी पूर्ण शिजवून घ्यावेत. अर्धकच्चा राजमा पोट बिघडवतो.

तूप-तेल मात्र वाळत नाही, उलट खवट होतं. त्यामुळे फोडणी अगदी कमी तेलात द्यावी आणि तूप छोट्या बाटलीत वेगळं न्यावं. ओलं खोबरं, दूध, पनीर, अंडी टाळावीत. नवख्यांनी मटण-चिकनच्याही वाटेला जाऊ नये.

प्रक्रिया काय?

1. खिचडी नेहमीपेक्षा जास्त मऊ शिजवा. डाळ जेवढी मऊ, तेवढी ती नंतर लवकर फुलते.
2. शिजल्यावर ताबडतोब ट्रेमध्ये पातळ थर पसरा. भातात असणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला, तर ते वाढून विष तयार करतात.
3. डिहायड्रेटर 57 ते 60 अंशांवर ठेवा. 8 ते 10 तास लागतात. मध्ये एकदा गोळे फोडून उलथापालथ करा.

बऱ्याच ओटीजींचं किमान तापमान 100 अंशांच्या आसपास असतं. एवढ्या उष्णतेत दाणा बाहेरून कडक होतो आणि आतला ओलावा अडकतो.

उन्हात वाळवलं तर?

आपल्याकडे कुरडया, पापड, सांडगे उन्हातच वाळतात. पण त्यासाठी एप्रिल-मेचं कडक, कोरडं ऊन लागतं आणि हे पदार्थ नंतर तळून किंवा शिजवून खाल्ले जातात. शिजलेली खिचडी उन्हात बराच वेळ कोमट आणि ओली राहते. जिवाणूंना हेच हवं असतं. पावसाळ्यात तर विचारच नको.

नीट वाळली, हे कसं ओळखायचं?

दाणा मोडला की कट्कन तुटायला हवा. वाकला, चिकटला तर परत वाळवा. गार झाल्यावर काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवा आणि रोज हलवा. काचेवर दव दिसलं तर ओलावा शिल्लक आहे, पुन्हा वाळवा. बुरशी दिसली किंवा वास बदलला, तर सगळंच फेकून द्या. मग एका जेवणापुरती पाकिटं हवाबंद करा, तारीख लिहा आणि महिनाभरात संपवा. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक असेल तर दुहेरी पिशवी वापरा, कारण वाळलेलं अन्न हवेतला दमटपणा लगेच ओढून घेतं.

खायचं कसं?

एक वाटी खिचडीला साधारण दीड वाटी उकळतं पाणी घाला आणि झाकून 15 ते 20 मिनिटं ठेवा. थंडीत भांडं टॉवेलमध्ये गुंडाळा. वरून तूप घाला.

निघण्याआधी एक पाकीट घरीच करून बघा. दाणा कचकचला तर घरी दुसरं काही खाता येतं, डोंगरावर तसा पर्याय नसतो.