काठावरचे घड्याळ

तरण तलावाच्या काठावर ठेवलेल्या किंवा भिंतीवर टांगलेल्या मोठ्या तबकडीला पेस क्लॉक म्हणतात. तिच्यावर तासांचे आकडे नसतात. ५, १०, १५ असे ६० पर्यंत सेकंद असतात आणि ठळक, बहुधा लाल काटा मिनिटाला एक फेरी मारतो. किती वाजले याच्याशी या घड्याळाला कर्तव्य नाही.

त्याचे कूळ धावपट्टीवरचे आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि डॉक्टर हान्स राइन्डेल यांनी इंटरव्हल पद्धत बसवली: ठरावीक अंतर वेगाने धावायचे, मोजकी विश्रांती घ्यायची, पुन्हा धावायचे. गेर्श्लर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १:४६.६ मध्ये धावला. तो विक्रम १६ वर्षे टिकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत पाण्यात रुजली, आणि तिथे अडचण झाली. एकेका लेनमध्ये पाच-सहा जण, प्रशिक्षकाच्या हाती एक स्टॉपवॉच. प्रत्येकाचा वेळ आणि विश्रांती मोजणार कोण? उत्तर सोपे निघाले: सगळ्यांना दिसेल असे एकच घड्याळ. ते तलावावर आणण्याचे श्रेय सिडनीचे फोर्ब्स कार्लाइल आणि इंडियाना विद्यापीठाचे जेम्स ‘डॉक’ कौन्सिलमन या दोघांनाही दिले जाते. सेकंदकाटा काही नवा नव्हता. नवे होते ते पोहणाऱ्याने स्वतःचा वेळ स्वतः वाचणे.

त्यासाठी थोडे गणित लागते. १:४५ च्या अंतराने १०० मीटरच्या दहा फेऱ्या करायच्या, तर पहिली फेरी काटा ६० वर असताना सुटते, दुसरी ४५ वर, तिसरी ३० वर, चौथी १५ वर, पाचवी पुन्हा ६० वर. म्हणजे सुटण्याची खूण दर वेळी पाव तबकडी मागे सरकते. लेनमधला दुसरा पोहणारा ५ सेकंदांनी सुटतो, म्हणून त्याच्या खुणा ५, ५०, ३५, २०. पहिल्या फेरीअखेर त्याचा हात भिंतीला लागला तेव्हा काटा ३३ वर असेल, तर वेळ १:२८ आणि विश्रांती १७ सेकंद. सुटताना काटा ५ वर होता हे विसरला, की हिशेब बुडाला.

चूक होते ती दोन टोकांना. पाय भिंत सोडतात तो क्षण आरंभाचा आणि हात भिंतीला लागतो तो शेवटचा. डोके वर काढून, दम घेऊन मग पाहिले तर सेकंदभर वाढतो. उलट ५८ वर सुटून ६० पासून मोजणाऱ्याला दोन सेकंद फुकट मिळतात. तलावावरची ही सर्वांत जुनी लबाडी असावी.

पुढे १५ सेकंदांच्या फरकाने लावलेल्या चार रंगांच्या काट्यांची घड्याळे आली, मग आकडे दाखवणारी इलेक्ट्रॉनिक. मनगटी घड्याळाचे बटण दाबायला दुसरा हात लागतो. भिंतीवरच्या तबकडीला फक्त नजर पुरते.