खडकावरची गढी

गढी म्हटलं की आपल्याला पाटील-देशमुख आठवतात. मी मात्र दोन शनिवार न्यू मेक्सिकोतल्या नावाहोंच्या गढ्यांत अडकलोय! 'प्वेब्लितो' म्हणतात त्यांना. दिनेता या त्यांच्या मूळ भूमीत, प्रचंड खडकांवर नि कड्यांच्या टोकावर बांधलेल्या दगडी खोल्या. शेजारीच होगन, म्हणजे रोजची घरं.

अभ्यासक बरीच वर्षं म्हणत, १६९०च्या दशकात स्पॅनिशांपासून पळालेल्या प्वेब्लो निर्वासितांनी त्या बांधल्या. पण तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजली, तर बहुतेक निघाल्या १७१० ते १७५०च्या आसपासच्या. म्हणजे ती लाट ओसरल्यावरच्या! धास्ती होती यूट लोकांच्या धाडींची, आणि बांधणारे स्वतः नावाहोच.

ज्यांना 'भटके' म्हणून मोडीत काढलं, त्यांचं श्रेय शेवटी लाकडाने परत केलं. टाइमस्टॅम्प खोटं बोलत नाही, राव.