पगार की गुराब? भिवंडीच्या खाडीतली निवड

नाशिककडून येणारा महामार्ग वडप्याला पोचला की आजूबाजूला गोदामं दिसायला लागतात. तिथल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारा, भिवंडीच्या गल्लीत माल पोचवायचा तर ट्रेलर काढाल का? तो हसेल आणि टेम्पोची चावी उचलेल. गाडी मालावर ठरते, तशी रस्त्यावरही ठरते. आजचा भाग याच निवडीचा आहे. फक्त रस्ता पाण्याचा आहे आणि साल आहे १६५७.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. पाठोपाठ खाडीकाठी लढाऊ नावा बांधायचं काम सुरू झालं. मराठा आरमाराची ही सुरुवात.

आता पाणी कसं होतं ते बघा. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत-बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे खाडी होते. ठाण्याजवळ तिला दोन वाटा फुटतात, एक वसईकडे आणि एक ठाण्याच्या खाडीकडे. त्या काळी वसई पोर्तुगीजांची, ठाणं पोर्तुगीजांचं, आणि मुंबईसुद्धा त्यांचीच! म्हणजे नाव घरी बांधायची आणि समुद्राला लावायची ती परक्याच्या दारातून.

पोर्तुगीजांच्या हे लगेच लक्षात आलं. ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला पत्र गेलं, की शहाजीच्या मुलानं भिवंडी, कल्याण, पनवेलला लढाऊ नावा बांधल्यात आणि त्या बाहेर पडू देऊ नका असं आम्ही कळवलंय. गंमत म्हणजे या कामावर रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीजच होते. वसईच्या अधिकाऱ्यांनी दबाव आणला आणि ही मंडळी काम सोडून गुपचूप निघून गेली. पण आरमार काही थांबलं नाही.

मग प्रश्न उरतो, नाव कोणती घ्यायची?

सगळ्यात लहान म्हणजे पगार. महिन्याचा नव्हे बरं का! पगार म्हणजे नीट तासलेली लहान होडी. तिच्यावर मचवा. मग गलबत, म्हणजे वल्ही आणि शीड दोन्ही असलेली चपळ नाव. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं १८व्या शतकात लिहून ठेवलंय, की गलबतं सहसा ७० टनांपेक्षा मोठी नसत आणि त्यांना ४० ते ५० वल्ही असत. गुराब त्याहून मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, ३०० टनांपर्यंतची. पण तीही उथळ पाण्यात चालेल अशीच बांधत.

हंगामाचा विचार करा म्हणजे वल्ह्यांची किंमत कळेल. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्यावर जायचे दिवस सुरू होतात. पण तेव्हा नदीला पावसाचं पाणी असतंच. ओहोटी लागली की नदी आणि समुद्र दोघंही नावेला एकाच दिशेला ओढतात. वाहून आलेले ओंडके, सरकलेली वाळू, आणि वारा कधी असतो तर कधी साफ पडतो. नुसत्या शिडावरची जड नाव अशा वेळी अडकते. हलकी नाव वल्हवत काठाला लावता येते, मुक्काम टाकून भरतीची वाट बघता येते.

याची परीक्षा झाली खांदेरीला. १६७९च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी तिथं तटबंदी बांधत होता आणि इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांच्या जहाजांवर तोफा जास्त होत्या. पण मराठ्यांच्या लहान नावा रात्री वल्हवत माल पोचवायच्या, आणि पाठलाग झाला की नागावच्या उथळ खाडीत शिरायच्या. मोठं जहाज तिथं येणार कसं? बेट मराठ्यांकडेच राहिलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उघड्या समुद्रात समोरासमोर तोफांची लढाई झाली, तर लहान नावेचं नुकसान जास्त. म्हणून मोठी जहाजंही हवीच होती, पण किती? फेब्रुवारी १६६५च्या बसरूर मोहिमेत ८५ लहान लढाऊ नावा होत्या आणि मोठी जहाजं फक्त ३. या आकड्यात मला कल्याण-भिवंडीच्या खाडीचा धडा दिसतो. ‘सगळ्यात भारी नाव कोणती’ हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात, आणि परत यायचंय का, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

२०१६ मध्ये हीच वाट कल्याण-ठाणे-मुंबई असा राष्ट्रीय जलमार्ग ५३ म्हणून जाहीर झाली. तिथं बोटी आणायच्या तर पहिला प्रश्न तोच, ओहोटीला बोटीखाली पाणी किती राहील? पुढच्या वेळी महामार्गाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर ट्रकांच्या रांगेपलीकडे एक खाडी आहे हे आठवा.

तुमच्या गावच्या खाडीत होडीला काय म्हणतात, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!